लॉक सापडले नाही

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मी स्वतः कॉम्प्युटर दुरुस्त करतो, असल्या गोष्टींना हसणाऱ्यांतला. पण हे मागच्या महिन्यात, भर दुपारी चार वाजता, दादाच्या टायपिंगच्या खोलीत घडलं. माझ्यासमोर.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. डीटीपी करायचा. पुस्तकं, नोटिसा, लोकांचे अर्ज. वीस वर्षं एकच मशीन, एकच जुनं मराठी सॉफ्टवेअर. 'नवीन घे' म्हटलं की अंगावर यायचा.

आठ महिन्यांपूर्वी तो त्याच मशीनसमोर, बसल्या जागी गेला. टाइप करता करता वहिनीला हाक मारली, "ये गं, एक वाचून दाखवतो." ती हात पुसत आली तोवर सगळं संपलं होतं.

पुढे ते मशीनही गेलं. हार्डडिस्क तेवढी वाचली. तिच्यात त्या दिवसाची फाईल होती. दोन केबी.

"भाऊजी, काय लिहिलं होतं एवढंच सांगा," वहिनी म्हणाली. "मग मी काही मागणार नाही."

मला वाटलं, चुटकीसरशी होईल.

फाईल फक्त त्याच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते, आणि ते मशीनच्या मागे एक लॉक खोचल्याशिवाय चालत नाही. बोटभर प्लास्टिकचा तुकडा. मी आणून बसवलेल्या नव्या मशीनला ती खाचच नाही. अडॅप्टर आणला, तर नव्या सिस्टिमने लॉकला ओळखच दाखवली नाही. ड्रायव्हर शोधले, कन्व्हर्टर लावले, भंगारवाले पालथे घातले. नाकी नऊ आले. स्क्रीनवर एकच ओळ...

लॉक सापडले नाही.

त्या दुपारी मी टेबलाखाली वाकून पुन्हा वायर खोचत होतो.

वर कीबोर्ड वाजला.

खट... खट खट...

"वहिनी, हात नको लावूस."

"मी इकडे आहे, भाऊजी." आवाज स्वयंपाकघरातून आला.

खट...

आणि थांबलं.

मी उठलो. खुर्ची रिकामी. एरर लिहून ठेवायला मी नोटपॅड उघडलं होतं. त्यात दोन शब्द होते...

ितला सांग

माझी पाचावर धारण बसली. दादाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी वेलांटी मारायची, मग अक्षर. नव्या सिस्टिममध्ये उलटं. त्याच्या बोटांना ते कधी जमलंच नाही. माझ्या मशीनवर बसला की 'तिला'ची वेलांटी अशीच लटकत ठेवायचा. यावरून मी त्याला किती चिडवलंय!

वहिनी मागे येऊन उभी होती. तिने वाचलं. रडली नाही.

"काय सांग? अहो, काय सांग?"

हे तिने मला विचारलं नव्हतं.

तासभर आम्ही तसेच बसलो. पुढे काहीच आलं नाही.

मग मी डिस्कवरची ती फाईल पाहिली. तीन केबी. तारीख आजची. वेळ... चार वाजून दहा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी डिस्क माझ्या घरी आणली. कपाटात ठेवून कुलूप लावलं. संध्याकाळी जोडून पाहिली.

पाच केबी.

तेव्हापासून फाईल रोज वाढत गेली. तो लिहीत होता. पंधरा वर्षं मी हेच काम करतोय, आणि मला माझ्या भावाचं एक अक्षर वाचता येत नाही. फार लाज वाटते.

वहिनीने लॉकचा नाद सोडलाय. रोज रात्री आठला फोन करून एवढंच विचारते, "आज किती झाली?" मी आकडा सांगतो. ती "बरं" म्हणते आणि जेवायला बसते.

परवा सत्तेचाळीस होती.

कालही सत्तेचाळीस.

मी वहिनीला अठ्ठेचाळीस सांगितलं.

आज साडेआठ वाजून गेलेत. डिस्क अजून कपाटात आहे. फोन दोनदा वाजून थांबला... आता तिसऱ्यांदा वाजतोय.