मागच्या चाकांची जीवतार

गाड्यांमधून तांब्याच्या वायरी हद्दपार झाल्या त्याला आता दोन पिढ्या झाल्या होत्या. हल्लीच्या गाडीचं बॉनेट उघडलं तर आत लाल-निळ्या वायरींचा गुंता दिसत नसे. करंगळीएवढ्या जाडीच्या, ओलसर, काळपट दोऱ्या दिसत. त्यांना जीवतार म्हणत. चिखलात राहणारे काही सूक्ष्मजीव एकमेकांना चिकटून लांबच लांब धागे करतात आणि त्या धाग्यांतून वीज वाहते, हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. तेच जीव नळीत वाढवून त्यांची तार केली गेली. तुटली तर आपली आपण सांधणार, गंजायचं नाव नाही, खायला थोडं साखरपाणी दिलं की झालं. दिवे, वायपर, ब्रेक, सगळं तिच्यावर. ब्रेकचं पेडल पायाखाली होतं खरं, पण त्या पेडलपासून चाकापर्यंत जात होता तो फक्त विजेचा एक इशारा, जीवतारेतून.

आणि तो इशारा आज मध्येच कुठेतरी मरत होता.

सातकडी घाटाच्या दुसऱ्याच वळणावर रुग्णवाहिका डोंगराला घासत घासत थांबली. चालक रंगरावने उडी मारून चाकाखाली दगड सारले. मागे स्ट्रेचरवर नारोबुवा गुरव होते. उभी हयात कीर्तनात गेलेली, आवाज असा की देवळाच्या शेवटच्या पायरीवरच्या माणसालाही वाटावं, बुवा आपल्याशीच बोलतायत. आता छातीत पाणी झालं होतं आणि दोन शब्दांमध्ये तीनदा श्वास घ्यावा लागत होता. वरच्या गावातल्या नर्सबाईंनी इंजेक्शन टोचून सांगितलं होतं, "याने धाप कमी होऊन श्वास थोडा बसेल, पण वेळ लागेल. तोवर खालच्या इस्पितळात पोचा. इथे माझ्याकडे दुसरं काही नाही."

पायाशी त्यांची मुलगी सगुणा बसली होती. परकरात होती तेव्हापासून बापाच्या मागे झांज धरून उभी राहिलेली.

"मॅडम, हे बघा तरी," रंगरावने खाली उतरलेल्या बाईंना हाक मारली. या डॉ. शिरीन मुजावर, जीवतारेच्याच संशोधक. डेपोच्या तपासणीला निघाल्या होत्या आणि वाटेत हीच गाडी मिळाली म्हणून पुढे बसल्या होत्या.

रंगरावच्या हातात टेस्ट लॅम्प होता. पेचकसासारखी मूठ, टोकाला सुई, मुठीत इवलासा दिवा, मागून निघालेल्या वायरीला चिमटा. चिमटा गाडीच्या पत्र्याला लावायचा आणि सुई तारेत टोचायची. वीज असेल तर दिवा लागतो. तांब्याच्या जमान्यापासून हे हत्यार फारसं बदललेलं नव्हतं.

"सुई टोचली की दिवा लागतोय. ब्रेक पण धरतोय. सुई काढली, की चार क्षणांत सगळं थंड! भुताटकीच म्हणायची."

शिरीनबाईंनी स्वतः टोचून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग रस्त्याच्या कडेच्या दगडावर मटकन बसल्या.

"भुताटकी नाही, रंगराव. आम्हीच केलंय हे."

"मला कळेल असं सांगा," सगुणा आतून म्हणाली. "आणि लवकर सांगा."

"वीज वाहून नेताना या जिवांची ताकद खर्च होते. जो आळशी राहील तो जास्त जगेल. पण डेपोत रोज चाचणी असते. दिवा लागला नाही तर तेवढा तुकडा आम्ही कापून जाळतो, आणि पास झालेल्या तुकड्यातून पुढची तार वाढवतो. वर्षानुवर्षं हेच. मग सांगा, आम्ही जगवलं कुणाला?"

"चांगल्या तारेला," सगुणा म्हणाली.

"चाचणीत पास होणाऱ्या तारेला. टोचल्यावर जागी होणारी आणि एरवी झोपून राहणारी. आम्हाला वाटलं, दोन्ही एकच."

"साहेब आला की फाइल उघडणारी," रंगराव म्हणाला.

"दुसरी गाडी मागवली तर?" सगुणाने विचारलं.

"यायला संध्याकाळ होईल. आणि तिच्यातही हीच तार आहे."

सगुणाने वडिलांकडे पाहिलं. ओठ निळसर दिसत होते. गाडी वळवायला जागा नव्हती, आणि वर नेऊन करायचं तरी काय होतं?

"सतत टोचत राहिलं तर?" तिने विचारलं.

शिरीनबाईंनी मान वर केली. "तर जागी राहील. पण ठरावीक अंतराने टोचून नाही चालणार. चाकांची थरथर ठरावीक असते. तिला दाद देणारे जीव दमून केव्हाच मेले. जे उरले ते कुठलाही ताल ओळखतात आणि झोपून राहतात. यंत्र लावून पाहिलंय मी, थोड्या वेळात फसतं. माणसाने टोचायला हवं. वेडंवाकडं, कसंही. पुढच्या चाकांची तार माझ्या सीटखाली आहे, तिथे मी बसते. मला शाळेच्या समूहगानातून काढून टाकलं होतं, ताल म्हणजे काय हे मला आजवर कळलेलं नाही. मागच्या चाकांच्या तारेची पेटी तुमच्या पायाशी आहे. जमेल?"

सगुणाने दुसरा टेस्ट लॅम्प हातात घेतला.

गाडी निघाली. डाव्या हाताने बुळबुळीत तार घट्ट धरायची, उजव्याने सुई टोचायची, काढायची, टोचायची. दोन्ही हात गुंतले. वडिलांचा हात स्ट्रेचरवरून लोंबकळत होता, तो तसाच राहिला.

तिसरं वळण निभलं. चौथंही. उतार एकदम तीव्र झाला तसे नारोबुवांनी डोळे उघडले. घाबरले की ते नामघोष करत, गाभाऱ्यात असोत की दवाखान्यात. मास्कच्या आतून अस्पष्ट सूर आला. देवाचं नाव, त्याच जुन्या चालीत.

सगुणाला बरं वाटलं. हाताला बळ आल्यासारखं झालं.

"ताई!" पुढून रंगराव ओरडला. "मागची चाकं धरंनात!"

तिने खाली पाहिलं. मुठीतला दिवा विझलेला होता. हात मात्र चालू होता, बापाच्या सुरावर, अचूक समेवर.

"अण्णा, गाऊ नका."

नारोबुवांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. नाम घेतच राहिले.

"अण्णा, तुमच्या पाया पडते, गप्प बसा! माझा हात तालात जातोय. तालात गेला की ब्रेक सुटतो!"

या मुलीने आजवर बापाला कधी मध्येच थांबवलं नव्हतं. सूर तुटला. तिने भराभर सुई टोचली, दिवा पेटला, चाकांनी रस्ता धरला. पण शांततेत तर आणखीच वाईट झालं. गाणं थांबलं तरी अंगातला ताल कुठे थांबतो? मुद्दाम चुकायला जावं तर तोच तुकडा तीनदा येऊन तिहाई होई, तिहाई टाळावी तर दुपटीची लय लागे. तिच्या चुकीलाही मात्रा होत्या. दिवा मिणमिणू लागला. बाहेर कठड्याला पत्रा घासल्याचा कर्कश आवाज झाला.

"ताई, दरी दिसायलीय मला!"

"नाही जमत! अण्णा, मला बेताल होता येत नाही हो!"

नारोबुवांनी मास्क बाजूला केला. एकेक शब्द उचलून ठेवावा तसे बोलले, "सगुणे... माझ्या श्वासावर... धर. त्याला आता... ताल नाही राहिला."

तिने मास्क कोपराने परत सारला आणि कान दिला. एक लांब घरघर. दोन तोकडे श्वास. काहीच नाही. मग एक खोल, मग तीन घाईचे. ती प्रत्येक श्वासाला सुई टोचत गेली. दिवा लख्ख पेटला. कुठल्याही यंत्राला आणि कुठल्याही तारेला ओळखता येणार नाही अशी ती लय होती. पाचवं वळण गेलं, सहावं गेलं. शेवटच्या लांबलचक उताराच्या टोकाला इस्पितळाची पांढरी इमारत दिसायला लागली.

आणि इंजेक्शन लागू पडलं.

घरघर कमी झाली. श्वास आत, श्वास बाहेर. पुन्हा आत, पुन्हा बाहेर, तेवढ्याच अंतराने. ओठांवरची निळी छटा ओसरली. सकाळपासून सगुणा देवाजवळ एवढंच मागत होती.

दिवा फिका झाला.

"मागची गेली, ताई! पुढच्यांवर पेलवायची नाही ही!" गाडीने वेग घेतला. काचेपलीकडे शिरीनबाई सीटखाली वाकून वेड्यासारख्या सुई टोचत होत्या. सगुणाने आपल्या मनाने टोचून पाहिलं. मन पुन्हा मात्रा मोजू लागलं. दिवा विझला.

देवाचं नाव घेतल्याशिवाय सगुणाने कधी घास खाल्ला नव्हता. आताही तिने डोळे मिटले आणि ती बोलली, मोठ्याने, "पांडुरंगा, आत्ता नको. खाली पोचेपर्यंत यांचा श्वास मोडू दे."

नारोबुवा जागे होते. त्यांनी ते ऐकलं. त्यांची नजर एकदाच तिच्यावर स्थिर झाली, आणि एक श्वास लांबला, अडकला. मग खोकल्यासारखा फुटला. मग दोन तोकडे. मग काहीच नाही.

सगुणाने सुई टोचली. दिवा लागला.

"धरली! धरली मागची!" रंगराव आनंदाने रडत होता.

इस्पितळाच्या फाटकात चार माणसांनी स्ट्रेचर उतरवलं. तरुण डॉक्टर मनगट चाचपत सोबत धावत होता. "इंजेक्शन दिलं होतं ना? मग वाटेत श्वास बसला नाही का?"

"बसला होता," सगुणा म्हणाली. "चांगला बसला होता."

"मग मोडला कशाने?"

ती दारापर्यंत त्यांच्यामागून चालत आली आणि तिथेच थांबली. देवाने मोडला की बापाने, हे तिला माहीत नव्हतं.

"मी मागितलं म्हणून," ती म्हणाली.

डॉक्टरने तिच्याकडे क्षणभर पाहिलं, आणि दार लावून घेतलं.