फोटोतली काडी

"कार्ड उघडतच नाहीये हो. तीन दिवसांची मेहनत आहे... गेली का सगळी?"

मी मान वर केली. समोर एक तरुण, गुडघ्यापर्यंत चिखल, गळ्यात कॅमेरा, आणि चेहरा असा, की जणू कुणी त्याचं घरच लुटलंय.

हा स्टुडिओ माझ्या मामाचा. माझं काम वरच्या खोलीत, फोटो दुरुस्त करण्याचं. त्या दुपारी मामा जेवायला गेला होता म्हणून मी खाली काउंटरवर बसले होते. नाहीतर आमची गाठच पडली नसती.

कॅमेऱ्याचं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. फोटो सगळे जिथल्या तिथे होते.

"काही गेलेलं नाही. तुम्ही रॉमध्ये काढलेत. घरच्या कॉम्प्युटरला ते कळत नसणार."

तो पडद्याकडे वाकला आणि त्याचं तोंड आणखीच पडलं. "पण हे असे राखेसारखे का दिसतायत? कॅमेऱ्यात तर छान दिसत होते!"

मला हसू आवरेना. "रॉ म्हणजे अख्खं कापड. जेपेग म्हणजे शिवलेला सदरा. कॅमेरा तुम्हाला सदरा दाखवतो आणि कापड जपून ठेवतो. अजून शिवायचंय ते."

"मग शिवा ना!" तो चटकन म्हणाला... आणि लगेच लाजला.

तो पक्ष्यांचे फोटो काढायचा. मामाने पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव 'पाखरू' पाडलं. पाखरू दर शनिवारी यायचं. सावलीतला काळोख किती उजळायचा, पांढरी पिसं जास्त उजेडाने जळून सपाट होऊ द्यायची नाहीत, मूळ फाईलला हात न लावता प्रतीवरच काम करायचं, हे सगळं मी त्याला शिकवलं. शिकता शिकता 'अहो'चं 'अगं' झालं.

"जेपेग पुन्हा पुन्हा सेव्ह केला की दर वेळी थोडा खराब होतो," मी एकदा म्हणाले.

"आणि मी पुन्हा पुन्हा आलो तर?"

"तू आधीच खराब आहेस."

खालून मामा ओरडला, "शिकवणी संपली असेल तर गिऱ्हाइकांकडेही बघा जरा!"

मग पक्ष्यांच्या फोटोंची एक स्पर्धा आली. पहिल्या नंबराला वर्षभर एका पक्षी-अभ्यास संस्थेत काम. त्याच्यासाठी ते सगळं काही होतं. विम्याच्या कचेरीत त्याचा जीव गुदमरत होता. त्याच्याकडे एक फोटो होता... पहाटेच्या पाण्यात एक बगळा, चोचीत मासा, मासा अजून तडफडतोय. असा क्षण जन्मात एकदाच सापडतो.

"निकाल लागला ना, की तुला एक विचारायचंय," तो म्हणाला.

"आत्ता विचार की."

"नाही. आधी कुणीतरी होऊ दे मला."

काय विचारणार, ते मला ठाऊक होतं. उत्तरही तयार होतं.

त्या फोटोत एकच खोट होती. वाळक्या लव्हाळ्याची एक काडी बगळ्याच्या डोळ्याखालून तिरकी गेली होती. मला ती सलत होती. त्याने जिंकावं म्हणून मी देव पाण्यात घातले होते. एके दुपारी मी ती काडी खोडून टाकली. पाच मिनिटांचं काम. रंग इतके बेमालूम जुळवले की मलाही जागा सापडेना.

शनिवारी त्याने फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला.

"इथे एक काडी होती ना?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्याचे डोळे इतके आनंदले होते...

"ती दुसऱ्या फ्रेममध्ये असेल," मी म्हणाले. "तुला आठवत नाही नीट."

"असेल बुवा," तो हसला. "तू म्हणतेस तर इथे नसेलच."

फोटो शेवटच्या पाचांत आला. आयोजकांनी मूळ रॉ फाईल मागवली. मला कळायच्या आत त्याने ती हौसेने, अभिमानाने पाठवली; तिच्यात काडी जिथल्या तिथे होती. चौथ्या दिवशी उत्तर आलं. फोटोत फेरफार, स्पर्धेतून बाद, यादीतून नाव काढलं.

तो आला तेव्हा ओरडला नाही. समोर बसून म्हणाला, "त्यांना कळवलंय, जबाबदारी माझी. फोटो माझ्या नावाने गेला होता."

"मी लिहिते त्यांना! चूक माझी आहे, मी सांगते..."

"काडी काढलीस त्याचा राग नाही गं. माझ्यासाठीच काढलीस. पण मी विचारलं तेव्हा... तू माझ्याच डोळ्यांना खोटं ठरवलंस. आणि मी ते मानलं."

मी खरंच लिहिलं. काहीही न लपवता, स्वतःच्या नावाने. आयोजक भले होते. पुढच्या वर्षी त्याला भाग घेता येईल, असं त्यांनी कळवलं. ते पत्र छापून मी त्याची वाट पाहत राहिले. दोन शनिवार कोरडे गेले.

तिसऱ्या शनिवारी तो आला, पण वर चढला नाही. मीच धावत खाली गेले. किनाऱ्यावर पक्षी मोजणाऱ्या एका तुकडीत त्याला सहा महिन्यांचं काम मिळालं होतं. पगार निम्मा. विम्याची नोकरी त्याने सोडली होती. पत्र त्याने नीट वाचलं, घडी करून खिशात ठेवलं.

"थँक यू," म्हणाला. मनापासून म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

मामा उगाचच पाठ फिरवून कपाट आवरू लागला.

"तू मला काहीतरी विचारणार होतास," मी म्हणाले.

तो थांबला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. डोळ्यांत राग असता तर मी भांडले असते.

"आत्ता विचारलं, तर तू हो म्हणशील."

"हो..."

"आणि मग मी आयुष्यभर तुझ्या तोंडाकडे बघत बसेन... हे खरंच हो आहे, की मला बरं वाटावं म्हणून." त्याने माझ्या हातावर क्षणभर हात ठेवला. गरम होता. "तसं तुझ्याकडे बघायचं नाहीये मला."

दार उघडलं, रस्त्याचा आवाज आत आला, दार बंद झालं.

काचेतून दिसेपर्यंत मी त्याला पाहत राहिले. माझं 'हो' खरं होतं. अगदी पहिल्यापासून खरं होतं. पण ते त्याला पटवायला माझ्याकडे माझ्या शब्दाशिवाय दुसरं काहीच नव्हतं.