थांब, आकडा जाईल

दरेकशाकडच्या जंगलपट्ट्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात मी नर्स होते. त्या दिवशी महिन्याची सगळी माहिती टॅबमध्ये भरायची शेवटची तारीख होती. दुपारचे दोन वाजलेले. खोलीत फिनाइलचा वास कोंडलेला, बाहेर सागाची वाळकी पानं सरसरत होती. नेटवर्क येत-जात होतं. नावं, वजनं, गोळ्या, तारखा... एक आकडा टाकेपर्यंत दुसरा डोक्यात धरून ठेवायचा.

आठव्या महिन्यातली दुर्पता समोर येऊन बसली. मी तिचा रक्तदाब मोजला, भरला, पुढच्या रकान्यात गेले.

"बाई, मले..." ती म्हणाली.

मी मान वर न करताच बोट उचललं. "थांब, आकडा जाईल."

ती थांबली. बराच वेळ. मग जाणाऱ्या चपलांचा आवाज तेवढा आला.

घरी जाताना जंगलातल्या वाटेवर तिला झटके आले. गाडी पोचेपर्यंत ती बाळासकट गेली. तिची सासू शकुंतलाबाई माझ्याशी भांडली नाही.

"तिच्या तोंडाकडं तरी पायलं असतं बाई," एवढंच म्हणाली. "सकाळपासून किती भेऊन होती थे, ओठ थरथरून राहिले होते तिचे."

टॅबमध्ये तिचा रक्तदाब होता. एकशे सत्तर, एकशे दहा. गरोदर बाईला लगेच दवाखान्यात हलवावं इतका. मीच भरलेला.

त्यानंतर ते सुरू झालं. डोक्यात आकडे चालू असले की समोरच्याचा चेहरा विझायचा. नाक, डोळे, ओठ जागच्या जागी. पण माणूस हसतंय की रडतंय, काही कळायचं नाही. आकडे थांबवले की भाव परत यायचे, दरवेळी थोडे उशिरा. एकदा माझी लेक खुशबू गुडघा फोडून आली, तेव्हा मी गोळ्यांची पाकिटं मोजत होते. तिचं रडणं कानावर येत होतं. चेहरा मात्र भिंतीसारखा कोरा.

मी नोकरी सोडली. आता घरी काहीच मोजत नाही. तरी चेहरे कोरेच आहेत. लेकीचासुद्धा.

परवा सकाळी मी ओसरीत नुसती बसले होते. नवरा, योगराज, धानाच्या बांधीवरून आला आणि दारातच थबकला. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं, मला दिसलं नाही. आवाज मात्र बसलेला होता.

"प्रेमिला... एवढी काऊन भेऊन राहिलीस?"

"मी? नाही तर."

"मंग ओठ काऊन थरथरून राहिले तुये?"

मी बोटं ओठांवर ठेवली.

ओठ अगदी स्थिर होते.