उन्हाशिवाय उडालेलं पाणी

"अठ्ठावन्न!" वजनकाट्यावर वाकलेली ताई ओरडली. "परत अठ्ठावन्न ग्रॅम कमी!"

"म्हणजे परत वाट लागली," भोपळा म्हणाला आणि त्यानं पेन्सिल वहीवर आपटली.

भोपळा हा ताईचा धाकटा भाऊ. तिसरीत असताना गणितात एकदाच, फक्त एकदाच, त्याला भोपळा मिळाला होता. पण लोकांची स्मरणशक्ती नको तिथे भारी तल्लख असते! नाव जे चिकटलं ते चिकटलंच.

"का कमी? कशानं कमी? रोजच का कमी?" शेडच्या दारात बसलेली टिकटिक विचारू लागली. ही मावशीची मुलगी. वय दहा, आणि प्रश्न मिनिटाला साठ.

"ते कळलं असतं तर आम्ही तलावावर पोहत नसतो का?" ताई वैतागून म्हणाली.

वैतागायला कारणही तसंच होतं. सुट्टीत मावशीकडे या, रोज तलावावर नेते, असं फोनवर ठरलं होतं. मावशी शेती संशोधन केंद्रात काम करायची आणि घरही केंद्राच्या आवारातच होतं. तलाव अर्ध्या तासावर होता. पण आठ दिवस झाले तरी तिघांचे पाय ओले झाले होते ते फक्त वाफ्यातल्या चिखलात! याला कारण ते बारा डबे.

मावशीला शोधायचं होतं, शेताला दिलेल्या पाण्यापैकी किती पाणी झाडाच्या मुळाशी न जाता मातीतूनच उडून जातं. त्यासाठी तिनं मातीनं भरलेले बारा डबे वाफ्यात गळ्यापर्यंत पुरले होते. सहा डबे उघड्या मातीत, तर सहांवर पेंढ्याचा जाड थर. रोज संध्याकाळी सगळ्यांना सारखं, मापून पाणी. रोज सकाळी डबे उपसायचे, कडेनं पुसायचे आणि वजन करायचं. घातलेल्या पाण्यातलं जेवढं कमी भरेल, तेवढं हवेत गेलं. इतकं सोपं!

पेंढ्याखाली ऊन पोचत नाही, वारा लागत नाही. तेव्हा पेंढ्याखालच्या डब्यांतलं पाणी कमी उडायला हवं. पण वही उलटंच सांगत होती. उघड्या डब्यांतून दिवसाला एक्केचाळीस ग्रॅम जायचे आणि पेंढ्याखालून अठ्ठावन्न! सात आठवडे हाच तमाशा चालू होता.

तेवढ्यात मोठे साहेब आले. हे केंद्राचे प्रमुख. त्यांच्या बुटांना कधी माती लागलेली कुणी पाहिली नव्हती. त्यांनी वहीवर नजर टाकली आणि मावशीकडे वळून म्हणाले, "बाई, आकडे तुमच्याच विरोधात बोलतायत. शनिवारी सकाळी पेंढा उचला. हा वाफा दुसऱ्या कामाला देतोय मी."

"साहेब, काहीतरी चुकतंय! मला थोडे दिवस—"

"डबे मी स्वतः तपासलेत. सही आहे माझी. शनिवारी सकाळी!"

साहेब गेले. हा वाफा मिळवायला मावशीनं तीन वर्षं अर्ज केले होते, हे मुलांना माहीत होतं. ती डबे पुन्हा खड्ड्यांत ठेवत बसली. रडली असती तर बरं वाटलं असतं, असं ताईला वाटलं.

"आज बुधवार," भोपळा हळूच म्हणाला. "हातात दोन दिवस आहेत. कुणीतरी पाणी पितंय, सांगतो मी! पेंढ्यात उंदीर असणार!"

मग काय, मोहीम सुरू! तिघांनी पेंढा उलटापालटा केला. उंदीर नाही. मुंग्यांची रांग होती, पण मुंग्या अठ्ठावन्न ग्रॅम पाणी पीत असतील तर त्यांना सलामच करायला हवा. पेंढाच पाणी शोषतो म्हणावं, तर तो कोरडा ठणठणीत. दुपारभर उन्हात रापून हाती आलं काय, तर टिकटिकच्या बोटात घुसलेलं कुसळ!

"मी कंटाळले," टिकटिक बोट चोखत म्हणाली. "आणि पाणी नेमकं जातं कधी? सकाळी? दुपारी?"

भोपळा तिला गप्प करणार होता, पण ताईनं त्याचा दंड पकडला. "थांब! हे आपण बघितलंच नाहीये. वजन रोज एकदाच होतं, सकाळी!"

त्या संध्याकाळी पाणी घालून झाल्याबरोबर त्यांनी सगळे डबे काट्यावर मोजले. गुरुवारी उजाडता उजाडता, ऊन पडायच्या आत, पुन्हा मोजले. आकडे बघून ताईनं काटा दोनदा शून्यावर आणला आणि परत मोजलं. उघडे डबे रात्रीतून चार ग्रॅमनी कमी झाले होते. पेंढ्याखालचे एकोणपन्नास ग्रॅमनी!

"रात्री?" भोपळ्याचे डोळे विस्फारले. "ऊन नसताना?"

ताई वही घेऊन धावत घरी गेली. मावशी साहेबांना द्यायचा अहवाल लिहीत होती. तिनं आकडे पाहिले आणि तिच्या संयमाचा बांध फुटला. "रात्री एकोणपन्नास? अशक्य! तुझं वजन चुकलंय! मला न विचारता डबे काढलेच कसे तुम्ही? आधीच माझ्या नाकी नऊ आलेत, त्यात तुमची ही लुडबुड!"

"मी तीनदा मोजलं, मावशी."

"मग तीनदा चुकलीस!"

ताई पायऱ्यांवर जाऊन बसली. तिला भयंकर राग आला होता. चुकलं असतं तर तिनं मान्य केलं असतं! गुरुवारी रात्रीही त्यांनी तेच केलं. चोरून. शुक्रवारी सकाळी आकडा आला पन्नास.

"मावशी ऐकणार नाही, आणि साहेब वाफ्यात येणार नाहीत," ताई म्हणाली. "मग डबाच साहेबांकडे न्यायचा!"

शुक्रवारी दुपारी मावशी अहवाल घेऊन साहेबांच्या खोलीत उभी असताना दार ढकलून तिघं आत शिरले. भोपळ्याच्या हातात उघड्या वाफ्यातला दोन नंबरचा डबा होता आणि ताईच्या हातात पेंढ्याखालचा नऊ नंबरचा. दोन्हींत नुकतंच पाणी घातलेलं, दोन्हींच्या तोंडाला प्लॅस्टिक घट्ट बांधलेलं. टिकटिकनं काटा उराशी धरला होता.

"हा काय पोरखेळ?" साहेब गरजले.

"तुम्ही बाहेर व्हा आधी!" मावशी लालबुंद झाली.

"साहेब, एकच प्रश्न!" टिकटिक बोलायला लागली की थांबवणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं. "असं तोंड बांधलं तर पाणी उडून जाईल का?"

"मुळीच नाही. कसं जाईल?"

"मग हे दोन्ही डबे इथे तासभर ठेवायचे," ताई म्हणाली. "तुमच्यासमोर मोजायचे. नऊ नंबरचं वजन कमी झालं, तर पाणी हवेत उडत नाहीये, दुसरीकडूनच जातंय!"

उत्तराची वाट न बघता ताईनं नऊ नंबरचा डबा साहेबांच्या टेबलावर, मोकळ्या दिसलेल्या एका फाइलवर ठेवला. साहेबांचा पारा चढला. मग तासभर नाही, पण पाच मिनिटं त्यांनी तिघांना शिस्तीवर चांगलंच ऐकवलं. त्यांचं वाक्य मधेच थांबलं. डब्याखालून एक ओघळ निघाला होता. फाइलवरून तो टेबलावर आला आणि टेबलावरून थेट साहेबांच्या स्वच्छ पँटवर!

"अरे! माझी फाइल! माझी—"

ताईनं झटकन डबा उचलून आडवा धरला. बुडाला चिखलाचा थर होता. भोपळ्यानं हाताला लागलं त्या फडक्यानं तो पुसला. (ते फडकं साहेबांचा टॉवेल निघाला.) चिखलाखाली चार गोल भोकं होती. एकसारखी, नीट पाडलेली. दोन नंबरच्या डब्याचं बूड मात्र धड होतं.

मावशीनं डबा हातात घेतला. "पेंढ्याखालचे सहा डबे मी नंतर घेतले. कमी पडले म्हणून माळीकाकांना सांगितलं होतं, तयार करून द्या."

माळीकाकांना बोलावणं गेलं. ते खुरपं हातात घेऊनच आले.

"ही भोकं कुणी पाडली?" साहेबांनी विचारलं.

"मीच!" काका अभिमानानं म्हणाले. "वर खापरीचे तुकडेही लावलेत, माती गळू नये म्हणून. बिनभोकाच्या डब्यात मुळं कुजतात, साहेब."

"पण काका, ह्यात झाडच लावायचं नव्हतं!" मावशी कळवळून म्हणाली.

"झाड नाही?" काका चक्रावले. "मग डब्यात माती कशाला भरायची, बाई? मला सांगितलं तर कळणार ना!"

सात आठवडे पाणी हवेत उडत नव्हतं, बुडातून जमिनीत झिरपत होतं. आणि बुडाकडे कुणी बघितलंच नव्हतं.

"साहेब, तुम्ही डबे तपासले होते ना?" टिकटिकनं अगदी साधेपणानं विचारलं. "उलटे करून बघितले होते?"

साहेबांनी ओली फाइल झटकली. ती बराच वेळ झटकली. शेवटी म्हणाले, "नाही. व्हरांड्यातून मोजले. बारा भरले, सही केली." मग घसा खाकरून पुढे म्हणाले, "बाई, उद्या पेंढा उचलू नका. दहा दिवस देतो. बिनभोकाचे डबे घ्या."

सात आठवड्यांची पेंढ्याची नोंद बाद झाली. मावशीनं पानामागून पानावर आडवी रेघ मारली, तेव्हा ताईलाच रडू यायला लागलं. मुलांच्या सुट्टीचे अकरा दिवस उरले होते. त्यातले दहा डब्यांत गेले. रोज पहाटे उठायचं, डबे उलटे करून बूड बघायचं, मग पुसायचं आणि मोजायचं. भोपळा कुरकुर करत होता, टिकटिक प्रश्न विचारत होती, माळीकाका डब्यांकडे अजूनही संशयानं बघत होते.

दहाव्या दिवशी सगळे शेडमध्ये जमले. मावशीनं सरासरी काढली, पुन्हा काढली आणि वही साहेबांसमोर धरली. उघड्या मातीतून बेचाळीस ग्रॅम. पेंढ्याखालून सोळा!

"निम्म्याहून कमी!" साहेब उद्गारले. "बाई, वाफा तुमचाच. आणि मुलांनो, शाबास! केंद्राच्या सभेत तुमचं कौतुक करणार मी. इतकी चिकाटी मोठ्यांत दिसत नाही!"

भोपळ्याची छाती फुगली. टिकटिकनं सभा कधी, कुठे, किती वाजता, असं विचारायला सुरुवात केली. ताई मात्र काटा पुसत उभी होती. एवढं कौतुक होऊनही तिच्या मनातला सल जात नव्हता.

मावशी साहेबांना थांबवून म्हणाली, "एक राहिलं, साहेब. हे सगळ्यांसमोरच सांगते." ती ताईकडे वळली. "त्या दिवशी तुझं वजन बरोबर होतं. तिन्ही वेळा. चूक माझी होती आणि ओरडले मात्र मी तुला."

ताईनं नुसती मान हलवली आणि डोळे पुसले. मग मावशीनं काटा बंद केला, शेडला कुलूप लावलं आणि म्हणाली, "सुट्टीचा एकच दिवस उरलाय ना? चला, टॉवेल घ्या!"