गुरुवारी ऐकलेली घरघर

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, कुणाला पटवायची मला हौस नाही. पण हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. जानेवारीतला गुरुवार, भर दुपार, सायबेरियातला कोलिमाचा रस्ता, उणे बावन्न अंश.

माझा मेहुणा दुलुस्तान सोमवारपासून तिथं अडकला होता. ट्रकचा एक्सल तुटलेला, नवा यायला चार दिवस. त्याच दिवशी मी तिथून जात होतो; माझ्या गाडीत चल म्हटलं, तर माल सोडून येईना. इंजिन चालू ठेवून केबिनमध्येच राहतो म्हणाला. आमच्याकडे हिवाळ्यात इंजिन कुणी बंद करतच नाही. बंद पडलं की माणूस गोठतो.

मी बजावलं, चार चार दिवस नुसतं घरघरत ठेवू नकोस. न जळलेलं डिझेल आणि काजळी साचून इंजिन गुदमरतं. अधूनमधून रेस देत जा.

"दाजी, आधी स्वतःचा खटारा सांभाळा."

माझं डोकंच फिरलं. "मर मग इथंच," म्हणालो आणि निघालो.

गुरुवारी पुन्हा तिथून गेलो.

इंजिन चालू होतं...

आमच्यात इंजिन चालू म्हणजे माणूस जिवंत. दार कुणी ठोठावत नाही. तरी मी वेग कमी केला.

हॉर्न वाजला... दोनदा.

म्हणजे ठीक आहे, जा पुढे. माझा राग उतरला नव्हता. गेलो.

शुक्रवारी परतताना मात्र थांबलो. घरघर तशीच... पण मागं वाफ नव्हती.

एवढ्या थंडीत चालू गाडीमागं पांढरा ढग उभा असतो. इथं काहीच नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी काळं तेल ओघळून गोठलेलं.

बॉनेटला हात लावला. बर्फ.

आणि आत घरघर चालूच...

मी केबिनचं दार उघडलं, तशी ती थांबली.

दुलुस्तान सीटवर बसलेला. लाकूड झालेला.

मेकॅनिकनं इंजिन खोललं. आत काजळीच काजळी. गाडीतल्या नोंदीप्रमाणे ते मंगळवारीच बंद पडलेलं. डॉक्टर म्हणाले, बुधवारी सकाळीच गेला असणार.

सार्दानाला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. भावासाठी ती रडलीसुद्धा नाही.

"डॉक्टरचं राहू दे. गुरुवारी त्यानं हॉर्न वाजवला ना? मग जिवंत होता. का नाही थांबलास?"

भूत होतं म्हणालो, तर तोंडावर थुंकली.

चार महिने झाले, ती माझ्याशी बोलत नाही. मेलेल्या माणसानं मला पुढं जायला का सांगावं?

मला वाटतं, मी थांबू नये आणि सार्दानानं मला कधीच माफ करू नये म्हणूनच.