अंगठ्याची खाच

"माझ्या सख्ख्या भावाने मला विकलं," चमचेवाला म्हणाला आणि त्याने टेबलावर एक बंद पाकीट आदळलं.

गुप्तहेर बाईंनी पाकीट उचललं. वर प्लास्टिकच्या, जाड मुठीच्या चमच्याचं चित्र होतं. बाईंचे मामा पुढे वाकून बघू लागले. निवृत्त झाल्यापासून भाचीच्या ऑफिसात चहा आणि शंका पुरवण्याचं काम ते न चुकता करत.

"चमच्यापायी एवढा संताप?" मामांनी विचारलं.

चमचेवाल्याचं लाकूडकामाचं छोटं वर्कशॉप होतं. बायकोचे हात थरथरायला लागले, घास तोंडापर्यंत पोचेना, तेव्हा त्याने डोकं चालवून एक चमचा बनवला. मुठीच्या आत वजन सरकायचं, त्यामुळे हात हलला तरी चमच्याचं तोंड स्थिर राहायचं. पुढे बायको हॉस्पिटलात पडली आणि हा जिवाचं रान करून पेटंटच्या मागे लागला. अर्ज जाण्याआधीच तसे चमचे बाजारात आले. अर्ज फेटाळला गेला. तोवर बायकोही गेली होती.

"पेटंट म्हणजे ते नावाचं असतं तेच ना?" मामा म्हणाले.

"नावाचं ते ट्रेडमार्क, मामा. चित्राचं, लिखाणाचं ते कॉपीराइट. वस्तू चालते कशी, ती युक्ती म्हणजे पेटंट. पण युक्ती नवी हवी. अर्जाआधी बाजारात आली की ती नवी राहत नाही."

"म्हणून तर सगळ्यांना बजावलं होतं," चमचेवाला म्हणाला. "बायकोलासुद्धा. पडदा ओढून जेव, कुणाला दाखवू नकोस म्हणायचो. चमच्याचे नकाशे होते फक्त भावाकडे आणि ते काढणाऱ्या मुलीकडे. वकिलाने भावाविरुद्धचे कागद तयार ठेवलेत. तुम्ही हो म्हणा, मी सही करतो."

"हे पाकीट उघडलं नाहीत?"

"हात लावावासा वाटत नाही त्याला."

बाईंनी पाकीट फाडलं. चमचा धरला, फिरवला, पुन्हा धरला. मुठीला कडेने एक खाच होती, पण अंगठा काही तिच्यात बसेना. मामांचाही बसला नाही.

"कसला भिकार माल," मामा म्हणाले.

"तुमच्या पत्नी शेवटपर्यंत चमच्याने जेवत होत्या?" बाईंनी विचारलं.

"शेवटी नाही. म्हणाली, आता चमचा नको, तुमच्या हातूनच खाते. दुखणं वाढलं होतं हो. मला उशीर झाला तर म्हणायची, जेवले मी, तुम्ही दमला असाल." तो कसनुसा हसला.

नकाशे काढणारी मुलगी वर्कशॉपमध्येच भेटली. तिने नकाशा उलगडला. मूठ सरळ, गोल, गुळगुळीत.

"कुणाच्याही हातात बसेल अशी काढायला सांगितली होती," ती म्हणाली. "पहिला चमचा वहिनींच्या मापाचा होता म्हणे. मी तो पाहिलाच नाही."

भिंतीवर वहिनींचा फोटो होता. हसऱ्या, हातात कप. अंगठा मात्र बाहेरच्या बाजूला वळलेला. लहानपणी दारात चेंगरला होता, असं ती मुलगी म्हणाली.

धाकटा भाऊ आता दुसऱ्याच्या दुकानात रंधा मारत होता.

"दादाने विचारलं असतं तर पाय धरून सांगितलं असतं," तो म्हणाला. "विचारलंच नाही. सरळ कुलूप बदललं. वहिनीने मला पोटच्या पोरासारखं वाढवलं आणि मी तिच्या चमच्याचा धंदा करीन?"

"पहिला चमचा कुठे आहे?"

"हॉस्पिटलात होता तिच्याकडे. सामानात परत आला नाही."

बाहेर पडल्यावर मामा कुजबुजले, "पोरी, फार गोड बोलतोय. तोच असणार."

"तुम्हाला मागच्या वेळी पोस्टमनही चोर वाटला होता, मामा."

हॉस्पिटलातल्या नर्सला वहिनी चांगल्याच आठवत होत्या. "हात होते तसेच होते हो, वाढली ती धाप. पण जेवायच्या त्या नवऱ्याच्याच हातून, आम्हाला भरवू द्यायच्या नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या आजींचेही हात थरथरायचे. त्या मात्र एकदम आपल्या हाताने जेवायला लागल्या. सुधारून घरी गेल्या. न्यायला भाचा आला होता, प्लास्टिकच्या कारखान्यातला."

बाईंनी आणखी एक गोष्ट विचारली. उत्तर ऐकून त्यांनी वही मिटली आणि आजींचा पत्ता मागून घेतला.

पुढच्या भेटीला बाईंनी दोघा भावांना वर्कशॉपमध्ये बोलावलं. धाकटा दारातच उभा राहिला. थोरल्याने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"चोरी नकाशावरून झाली असती, तर नकलेची मूठ गुळगुळीत असती," बाई म्हणाल्या. "तिला खाच आहे. ती कुणाच्याच अंगठ्याला बसत नाही, कारण ती एकाच अंगठ्यासाठी कोरलेली होती. कारखान्याला वाटलं खाच लागतच असेल, म्हणून तीही उतरवली. म्हणजे समोर पहिला चमचा होता. तुम्ही पाकीट उघडलं असतंत, तर तुम्हीच ती ओळखली असतीत."

त्यांनी पिशवीतून लाकडी मुठीचा एक चमचा काढला. चमचेवाल्याचा हात आपोआप पुढे आला.

"आजींनी दिला. भाच्याने तो पाहिला आणि कारखान्यात नेला. पण आजींना तो तुमच्या पत्नीनेच दिला होता. त्या आजींना म्हणाल्या, मला भरवायला माझा माणूस येतो, तुम्हाला कोण येतंय? तुम्ही त्यांना दाखवू नकोस म्हणून बजावलं होतं, म्हणून त्यांना तुम्हाला सांगता आलं नाही. दुसरा मागताही आला नाही."

मामांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"चमच्याला त्यांचं नाव द्या," बाई हळूच म्हणाल्या. "ते नाव नोंदवता येईल. ते तुमच्याकडून कुणी घेणार नाही."

चमचेवाल्याचं लक्ष नव्हतं. तो खाचेवरून बोट फिरवत होता.

"मला उशीर व्हायचा तेव्हा जेवले म्हणायची," तो म्हणाला. "चमचा नव्हता, तर कशी जेवायची?"

बाईंना खोटं बोलावंसं वाटलं. पण त्या खोटं बोलल्या नाहीत.

"ताट तसंच परत जायचं. नर्सला विचारलं मी."

"त्या अर्जापायीच व्हायचा उशीर," चमचेवाला म्हणाला आणि खालीच बसला. त्याला रडूही येईना.

धाकटा आत आला. शेजारी टेकला.

"दादा, जेवलास का?"

"जेवलो मी."

धाकट्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग आपला डबा उघडला आणि पहिला घास थोरल्याच्या तोंडाशी नेला.