यादीत नसलेलं विष

कॉलेजात शिकणारा बादल राठोड यवतमाळात भाड्याच्या खोलीत गुरुवारी भर दुपारी तडफडून मेला. अंग इतकं तापलं होतं, की उचलणाऱ्यांनी हात मागं घेतले.

दवाखान्याची नशेची चाचणी कोरी निघाली. तरी आर्णीकडच्या तांड्यात बोभाटा झालाच: हरिसिंगचं पोरगं नशेत मेलं. लोकांना तेवढंच लागतं.

हरिसिंग पहिल्या एसटीनं ठाण्यात आला. “बाई, पोरगा नशा करत नव्हता. कोनं देल्लं, तेवढं सांगा.”

फौजदार रुपाली मेश्राम यांनी आधी खोलीतल्या जोडीदाराला, अमरला, विचारलं.

“त्या दिवशी काय खाल्लं त्यानं?”

“मेसची भाजी-पोळी. मंग कॉलेजच्या लॅबात गेलता. आला तं गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, डोळे फाटलेले. म्हणे, भिंत श्वास घेऊन राह्यली.”

“याआधी कधी असं?”

“नाही. सोमवारी राजदीप सरनं आमाले दोघाले लॅबात चहा पाजलता. कडूजहर! पण झालं काईच नाही.”

तीन आठवड्यांनी नागपूरहून अहवाल आला. रक्तात भास घडवणारं कृत्रिम रसायन. एलएसडी म्हणून खपवतात त्या घराण्यातलं नवं भावंड, एक अणू इकडचा तिकडं केलेलं. रुपालीनं अहवाल कपाटात घातला आणि लॅब सांभाळणाऱ्या राजदीपला बोलावलं.

“बादलच्या रक्तात विष सापडलं.”

“अरेरे! लगेच थुकला असता तं वाचला असता, मॅडम.”

“तुम्ही खर्रा खाता?”

“लॅबात सारेच खातेत. पुडी उघडली का समोरच्यापुढं धराच लागते.”

रुपालीनं पेन ठेवलं.

“मी विष रक्तात म्हटलं, राजदीप. ते तोंडात होतं, हे देणाऱ्यालाच ठाऊक. सोमवारी तू चहातून पाजलंस. दोघंही ठणठणीत. तेव्हा तुला कळलं, हे पोटात वाया जातं, गालातून भिनतं. म्हणून गुरुवारी खर्रा. तासभर गालात राहतो, तंबाखूत कडू कोण ओळखतो? आणि सरांनी धरलेली पुडी इथं कोणी नाकारत नाही. बादलनं नशा केली नाही. त्यानं तुझा मान ठेवला.”

राजदीप हसला.

“पुडीची पन्नी कवाच जळाली. पोलिसापुढं बोललेलं कोर्टात चालत नाही. अन् सरकारनं बंदी घातलेल्या नशेच्या यादीत या मालाचं नाव नाही. मंग तो अणू काय हौस म्हणून बदलवला का?”

“पण पोरावरच प्रयोग का?”

“उंदीर काय दिसते ते सांगत नाही, मॅडम. पोरगा सांगते.”

तिचा हात उठला आणि टेबलावरच थांबला. सरकारी वकिलाला तिनं तीनदा फोन लावला. तिन्हीदा एकच उत्तर: पुरावा आणा, नाहीतर सोडा. संध्याकाळी राजदीप गाडीला किक मारून गेला. यादी करणाऱ्यांच्या घरचं कोणी मेलं नव्हतं.

हरिसिंग बाहेर उभा होता.

“सापडला का, बाई?”

“सापडला, काका. पोरानं नशा केली नव्हती. राजदीपनं फसवून दिलं.”

“राजदीप सर? तो तं आता गेला माह्यासमोरून. मले नमस्कार केला त्यानं!”

“विषाचं नाव यादीत नाही, काका. हातात पुरावाही नाही.”

“मंग नाव घालाले किती दिस लागते?”

“ते दिल्लीत होतं. वर्षंही लागतील.”

हरिसिंगनं चपला काढल्या, भिंतीशी टेकला.

“मी बसतो.”